हाक ऐकू येईल असे हेडफोन

माजिवड्याला आमच्या सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर ओळीने सातविणीची झाडं आहेत. ऑक्टोबरची काहिली सुरू झाली की आठवड्याभरात ती फुलतात, आणि संध्याकाळी सगळा रस्ता त्या जड, गोडसर, डोकं धरायला लावणाऱ्या वासाने भरून जातो. पूर्वी मला तो वास आवडायचा. आता मी खिडक्या लावून घेते. घरातले म्हणतात, अगं केवढं उकडतंय. उकडू दे, म्हणते मी.

दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एक दिवसाआड डोंबिवलीला आईबाबांकडे जायचे. नाकात ऑक्सिजनची नळी लावून पडलेल्या आईला माझ्या ओढणीचा वास यायचा. "तुमच्याकडे सातवीण फुलली वाटतं," ती म्हणायची. एवढं एक वाक्य बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागे. नळीतून सतत कोरडी हवा आत जात असताना तिला ओढणीचा वास कसा यायचा, कोण जाणे. मी ओढणी काढून बाहेरच्या खुंटीला टांगून ठेवायचे. ती म्हणायची, "राहू दे गं. तेवढंच बाहेरचं काहीतरी आत येतं."

पितृपक्षापासून मार्गशीर्षापर्यंतचा काळ. मोजून अडीच-तीन महिने. पण माझ्या मनात तो एक वेगळाच ऋतू आहे. ऊन आहे, गॅलरीत उन्हात टाकलेल्या गाद्या आहेत, फराळाच्या भाजणीचा खमंग वास आहे आणि या सगळ्याच्या खाली एक न थांबणारी घरघर आहे. ऑक्सिजनच्या मशीनची. आईच्या फुफ्फुसांना कडकपणा येत चालला होता. त्यावर औषध नव्हतं. मशीन हवेतून ऑक्सिजन गाळून तिला देत असे आणि ते चालू ठेवायचं, एवढंच हातात होतं. तीन खोल्यांच्या त्या घरात कुठेही बसलं तरी ती घरघर कानावर यायचीच. मी घरी परतले तरी तासभर ती माझ्या कानात चालू राहायची. बाबा मात्र दिवसभर तिच्यातच असत.

बाबा म्हणजे ऐकणारा माणूस. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. सगळा जीव गाण्यात. स्वतः कधी गायले नाहीत, पेटीवर बोटही ठेवलं नाही, पण त्यांच्या कपाटात कपड्यांपेक्षा कॅसेटी जास्त होत्या. आणि गंमत अशी, की आयुष्यभर त्यांनी एकही ख्याल सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐकला नसेल. टेपरेकॉर्डर लावला की माझी परीक्षा असायची. परीक्षा संपली की कुणीतरी पाहुणा यायचा. पाहुणा गेला की वीज जायची. आणि या सगळ्यावर आईची हाक होतीच. "अहो, गॅस संपला बघा." "अहो, पाणी आलंय, मोटर लावा." "अहो, जरा हे झाकण उघडून द्या." विलंबित लय अशी हळूहळू उलगडत असायची आणि बाबा बटण दाबून उठायचे. मला ते बटणाचं खट् अजून ऐकू येतं. त्यात चिडचिड कधी नसायची. "नंतर ऐकू," असं स्वतःशीच म्हणायचे. निवृत्तीनंतर ते 'नंतर' येईल असं आम्हाला सगळ्यांनाच वाटत होतं. निवृत्तीनंतर आईचा खोकला आला.

म्हणून त्या वर्षी गणपतीत मी त्यांना हेडफोन आणले. बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे. कानावर चढवून बटण दाबलं की मशीनची घरघर पुसून टाकल्यासारखी नाहीशी व्हायची. बाबांनी ते पहिल्यांदा लावले तेव्हाचा त्यांचा चेहरा मला आठवतो. ते घाबरल्यासारखे झाले. मग त्यांच्या खांद्यांतून काहीतरी खाली उतरलं. "अरे, केवढी शांतता आहे ही," ते जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, आणि आई पलंगावरून हसली.

मला केवढं समाधान वाटलं होतं. लेकीने बापाला दिवसातला एक तास आणून दिला, असं काहीसं.

पंधरा-वीस दिवसांनी, पितृपक्षातल्या एका दुपारी, आई पडली. तिला बाथरूमला जायचं होतं. हाक मारली, पण बाबांच्या कानावर हेडफोन होते. ती एकटीच उठली, नळी पायात अडकली आणि ती पलंगाच्या कडेला पडली. खुब्याचं हाड मोडलं. तशा फुफ्फुसांवर भूल देणंच धोक्याचं होतं, तरी ऑपरेशन झालं, ती घरीही आली. पण त्यानंतर ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली नाही, आणि पडून राहिल्याने छाती झपाट्याने भरत गेली.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई स्वतःच सांगायची, "त्यांना ऐकू गेलं नाही हो. कानात ते होतं ना. माझीच घाई नडली." हे ऐकलं की मी स्वयंपाकघरात निघून जायचे. कारण 'ते' मी आणलेलं होतं. खोकं, पिशवी, सगळं मीच निवडलेलं. बाबांनी ते हेडफोन कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले आणि गाणं बंद केलं. आई घरी आल्यावर आठवडाभर ते नुसते तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून होते.

शेवटी आईनेच मला जवळ बोलावलं. "शुभा, यांना काहीतरी ऐकायला दे गं. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत बसतात. मला श्वास घ्यायची चोरी झालीय."

मी चौकशी केली, वाचलं, ऑफिसातल्या एका गाणंवेड्या मुलीला विचारलं. तिच्याकडून कळलं की हेडफोनमध्ये एक वेगळा प्रकार असतो, ओपन बॅक. कानावरच्या वाट्या मागून बंद नसतात, जाळीच्या असतात. त्यामुळे गाणं डोक्यात कोंडल्यासारखं वाटत नाही, समोर बसून कुणी गातंय असं वाटतं. आणि बाहेरचं सगळं ऐकू येतं. लोक हा त्यांचा दोष म्हणून सांगतात. मला तोच हवा होता.

बाबांना सांगितलं, तेव्हा ते लगेच 'हो' म्हणाले. मला आश्चर्य वाटलं. "पण मी स्वतः बघून घेणार," ते म्हणाले. "यावेळी तू आणू नकोस." ते मला लागलं. 

नवरात्रातल्या एका सकाळी शेजारच्या वझेकाकूंना आईजवळ बसवलं आणि मी बाबांना गाडीतून ठाण्याला घेऊन गेले. माणकोलीच्या नव्या पुलावर खाडीचं पाणी उन्हात पत्र्यासारखं चमकत होतं. बाबांनी वाटेत फक्त एकदा, "काकूंना नळीचं नीट सांगितलंस ना?" एवढंच विचारलं.

नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ते दुकान होतं. मालक साधारण माझ्याच वयाचे, मूळचे शहाडचे, बोलायला भरभर. त्यांनी आत एका खोलीत बाबांना खुर्चीवर बसवलं आणि समोर तीन जोड मांडले.

"काका, काय ऐकता तुम्ही? गझल, क्लासिकल?"

"क्लासिकल. पण ते नंतर बघू. आधी मला हे कळलं पाहिजे, की हे कानावर असताना आजारी माणसाची हाक ऐकू येईल का."

मालक आवाज खाली आणून म्हणाले, "करून बघू की. मॅडम, तुम्ही दाराबाहेर उभ्या राहा आणि हाक मारा. काका, ऐकू आलं की बोट वर करा. कानाच्या डॉक्टरकडे करतात तसं."

"बोट नको," बाबा एकदम म्हणाले. इतक्या तुटकपणे, की मालकांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. "मी उठून उभा राहीन."

मी दाराबाहेर गेले. बाबांनी डोळे मिटले, गाणं सुरू झालं. मी हाक मारली, "बाबा."

त्यांनी हेडफोन खाली घेतले. "अशी नाही. ती मारते तशी मार."

"म्हणजे?"

"'अहो' म्हण. आणि हळू. तिला तेवढंच जमतं."

आपल्या वडिलांना 'अहो' म्हणायचं, तेही परक्या माणसासमोर.  मग मी डोळ्यांसमोर आईला आणलं. ती आधी श्वास गोळा करते, ओठ ओले करते आणि मग अर्धा शब्द हवेत सोडते. तसं म्हटलं. "अहो."

पहिल्या जोडात बाबा बसूनच राहिले. त्याची जाळी अर्धवट बंद होती म्हणे. दुसऱ्या जोडात मी म्हटलं आणि ते उठून उभे राहिले. मालक म्हणाले, पुन्हा करा. मी आणखी हळू म्हटलं. बाबा पुन्हा उठले. सत्तरी ओलांडलेले, गुडघे धरलेले बाबा, खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन उठत होते, बसत होते, पुन्हा उठत होते. सहा-सात वेळा तरी. शेवटी मालकांच्याच डोळ्यांत पाणी आलं. "काका, बसा हो," ते म्हणाले. "येतंय ऐकू."

तिसरा जोड जास्त चांगला वाजत होता. तंबोरा त्यात भरून यायचा, पण त्यात माझी एक हाक बुडाली. दुसरा हलका, कानावर मऊ, पण खालचे स्वर जरा पातळ. मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "यात बास कमी आहे. आणि दोन गोष्टी लक्षात घ्या. याला शांत खोली लागते. आणि आवाज बाहेर येतो, शेजारी बसलेल्याला कुजबुज ऐकू येते. त्रास होतो लोकांना."

"शेजारी तीच असते," बाबा म्हणाले. "हाच द्या."

शांत खोली तर नव्हतीच. त्या मशीनच्या घरघरीतच बाबा ऐकायला लागले. दुपारी जेवणं झाली, आईला कुशीवर वळवून झालं, की पलंगाशी खुर्ची ओढून ते बसायचे. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "तुमच्या कानातलं मला येतंय."

बाबा घाईने हेडफोन काढायला लागले. "त्रास होतोय का?"

"नाही. असू दे. भिंतीपलीकडे कुणी गात असल्यासारखं येतंय."

आईला गाण्याची आवड अशी कधीच नव्हती. बाबांच्या कॅसेटींवरची धूळ पुसताना ती त्यांना 'तुमचे संसार' म्हणायची. पण त्या दिवसांत तिने ऐकलं. जाळीतून गळणारं, मशीनच्या आवाजातून वाट काढत येणारं थोडंथोडं. एकदा मी म्हटलं, "आई, स्पीकरवर लावू का? नीट ऐकू येईल." तिने मान हलवली. "नको गं. मोठ्याने लावलं की ते सगळ्यांचं होतं." मग जरा श्वास घेऊन म्हणाली, "चाळीस वर्षं मी यांना मधेच उठवलं. काय ऐकत होते ते बघू तरी."

बाबा मात्र जरा खुट्ट झालं की उठायचे. आईने कूस बदलली, उठले. चादर ओढली, उठले. एकदा तिने 'अहो' म्हटलं आणि ते ताडकन उभे राहिले, तर ती म्हणाली, "काही नाही. नुसतं म्हटलं." मला ते लाडिक वाटलं होतं. मी हसलेही होते. बाबा हसले नव्हते.

दिवाळीत तिने वझेकाकूंकडून आलेली चकली तोंडात धरून फक्त विरघळू दिली. तुळशीचं लग्न झालं. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमारास, मी तिचे केस विंचरत असताना तिचा श्वास लांब झाला, मग आणखी लांब झाला, मग पुढचा आलाच नाही. बाबा पायाशी बसून तिच्या टाचांना तेल लावत होते. मशीन चालू होतं. ते बंद करायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही, वझेकाकूंनी येऊन केलं.

दुसऱ्या दिवशी मशीनवाले येऊन मशीन घेऊन गेले आणि घर शांत झालं. त्या हेडफोनला हवी होती तशी खोली आता झाली. बाबांनी महिन्याभराने एकदा ते कानावर चढवले. गाणाऱ्याने आलाप घेण्याआधी श्वास घेतला तो स्पष्ट ऐकू आला म्हणे. त्यांनी लगेच काढून ठेवले. "एवढं स्पष्ट नको," म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी काही ऐकलं नाही. मी दर रविवारी जायचे, भाजी निवडून ठेवायचे, गोळ्यांचा डबा भरायचे. आईचा विषय निघायचा तो तिच्या आमटीपुरता, साड्यांपुरता. पडण्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

या ऑक्टोबरात दिवाळीची साफसफाई करायला गेले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ते पहिले हेडफोन हाताला लागले. खोक्यातच होते. मी स्टुलावर उभी होते. काय झालं कळलं नाही, मी तिथेच रडायला लागले. "बाबा, मी हे आणलेच नसते तर ती अजून असती," म्हटलं. दोन वर्षं जे मनात होतं ते असं धूळ खात स्टुलावर उभं राहून बाहेर पडलं.

"खाली उतर आधी," बाबा म्हणाले. मी उतरले. त्यांनी खोकं माझ्या हातातून घेतलं, टेबलावर ठेवलं, आणि उभ्या उभ्याच बोलले.

"शुभा, मला ऐकू आलं नव्हतं हे खरं आहे. पण मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"तिचे ओठ हलले ते. ती 'अहो' म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं आणि बोट वर केलं. थांब, एक मिनिट. असं. आणि डोळे मिटून घेतले. वाटलं, एवढं संपू दे. एकदा तरी पूर्ण ऐकू दे."

 मी पलंगावर बसले.

"म्हणजे आईला..."

"तिने बोट बघितलं होतं. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर मी तिला म्हटलं, शुभाला सांगतो. ती म्हणाली, काही सांगू नका, ऐकू गेलं नाही म्हणा. ती सांगत राहिली, मी सांगू दिलं." त्यांनी खोक्यावरची धूळ पुसली. "तुझ्या मनात हे आहे, मला माहीत नव्हतं गं. तू कधी बोलली नाहीस. बोट वर केलं होतं, म्हणून ते दुसरे हेडफोन हवे होते मला. डोळे मिटले तरी हाक ऐकू येईल असे. ऐकू आलं नाही म्हणायची सोयच नको होती."

मी पर्स उचलली आणि निघून आले.

दोन रविवार मी गेले नाही. फोन करायचे, गोळ्या घेतल्या का विचारायचे, ठेवायचे. राग होता, पण कुणावर, हे ठरत नव्हतं. बाबांवर होता. आईवरही होता. तिने नवऱ्याला झाकलं ते झाकलं, पण त्या चादरीखाली लेकीचा श्वास कोंडतोय हे तिला दिसलं नाही का? की तिला वाटलं, हेडफोनवर ढकललं की कुणावरच येणार नाही? खोकं तर निर्जीव. ते कुणी आणलं होतं, हे आजारपणात कदाचित तिच्या लक्षातही राहिलं नसेल.

दुसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी मी घरून काम करत होते. कानावर हेडफोन, समोर मीटिंग. माझी मुलगी दारात आली, काहीतरी म्हणाली. मी तिच्याकडे न बघता बोट वर केलं. ती गेली. मीटिंग पुढे चालू राहिली, पण मला पुढचा एक शब्द कळला नाही. आई डोंबिवलीहून फोन करायची, तेव्हाही मी किती वेळा म्हटलं असेल, आई, एक मिनिट हं. आणि ते मिनिट कधी संध्याकाळचं, कधी दुसऱ्या दिवसाचं झालं असेल. तिने कधी आठवण करून दिली नाही. माझं बोट वर असताना कुणी पडलं नाही, एवढाच काय तो फरक.

तिसऱ्या रविवारी गेले. बाबांनी दार उघडलं. दाढी वाढलेली होती. "आलीस?" म्हणाले, आणि आत जाऊन दुसरा कप काढला. मी त्यांच्या हातातून भांडं घेऊन चहा गाळला. गॅलरीत दोन खुर्च्या होत्या, तिथे बसलो. खाली कुणीतरी गालिचा झटकत होतं. बराच वेळ आम्ही तेवढंच ऐकलं.

माझा राग गेला होता असं नाही. पण मला एक गोष्ट हवी होती. ती कळली तर ती दुपार मला कुठेतरी ठेवता येईल असं वाटत होतं. जे पूर्ण ऐकायला बाबा चाळीस वर्षं थांबले होते, ते मीही एकदा ऐकावं. निदान ते तेवढ्या तोलाचं होतं का, हे तरी बघावं.

"बाबा, त्या दुपारी तुम्ही काय ऐकत होतात?"

त्यांनी कप खाली ठेवला. कपाळावर हात नेला, पुन्हा खाली घेतला.

"दोन वर्षं तेच शोधतोय," ते म्हणाले. "राग आठवत नाही. बाई गात होती की बुवा, तेही नाही. तिचे ओठ दिसतात, माझं बोट दिसतं. पण तिला थांबवून ठेवावं असं काय चाललं होतं कानात, ते काही केल्या आठवत नाही गं."